आमचा संघ कोणता?

आमच्या शाळेच्या मैदानावर गेली कित्येक वर्षे बास्केटबॉलचा एकच खांब उभा आहे. वस्तुतः या खेळाला खांब दोन लागतात. मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असावे, दोन्ही टोकांना जमिनीपासून १० फुटांवर एकेक लोखंडी कडे असावे, असा नियम आहे. आमच्या मैदानाचे दुसरे टोक एका पावसाळ्यात कोसळले आणि पुढे त्या जागेवर वर्गाच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. खोल्यांची गरज कड्याच्या गरजेहून मोठी होती, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र त्यामुळे भालकी तालुक्यातल्या आमच्या या मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेतली मुले अर्ध्या मैदानावर खेळायला शिकली. जो चेंडू पकडील त्याने तो घेऊन थोडे मागे जायचे, वळायचे आणि पुन्हा त्याच कड्यावर चाल करायची, एवढीच त्यांना रीत ठाऊक.

याचा परिणाम २०११ साली गुलबर्ग्याच्या विभागीय शालेय स्पर्धेत दिसला. (गुलबर्गा असेच लिहितो, कलबुर्गी हे नाव २०१४ सालचे.) आमचा सर्वांत उंच मुलगा, दहावीतला, प्रतिपक्षाचा हुकलेला चेंडू त्याने हवेतच पकडला, दोन पावले मागे गेला, वळला आणि मोठ्या सफाईने आपल्याच कड्यात टाकला. पंचांनी दोन गुण समोरच्या शाळेला दिले. सारे प्रेक्षागृह हसले. मुलगा माझ्याकडे पाहू लागला आणि मी, त्या वेळचा सहशिक्षक आणि हौसेचा प्रशिक्षक, जमिनीकडे पाहू लागलो. परतीच्या बसमध्ये हुमनाबाद येईपर्यंत तो बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, पलीकडं पण एक रिंग असतीय, हे पायाला माहीतच नव्हतं."

त्याचे नाव मी लिहीत नाही. तो हे मासिक वाचतो, निदान त्याच्या घरी ते येते.

बिदरची जमीन जांभ्याची, लाल. आमचे मैदान त्याच मुरमाचे. त्यावर चेंडू सरळ उसळत नाही. बारीक खडा आला की तो कुठल्या कुठे जातो. सिमेंटच्या मैदानावर वाढलेल्या शहरी मुलांना चेंडूकडे न पाहता तो खेळवता येतो, आमच्या मुलांना पाहावेच लागते. पण याचा एक लाभही असतो. ज्याने मुरमावर चेंडू ताब्यात ठेवला त्याचे हात फार जलद होतात. या मुलाचे तसे होते. वडील भालकीच्या आडत बाजारात हमाल, तुरीच्या हंगामात रात्री उशिरापर्यंत पोती उचलणारे. उंची आणि खांदे त्यांच्याकडून आलेले. सहा फूट तीन इंच उंचीचा तो मुलगा वर्गात शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसे आणि मराठीच्या तासाला खिडकीतून खांबाकडे पाही. मी त्याला कधी रागावलो नाही, कारण ते पाहणे माझ्या ओळखीचे होते.

मीही या खेळात काही वर्षे घालवली आहेत. १९८४ साली मी बिदरला महाविद्यालयात होतो. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाने तीन गुणांचा नियम आणला: कड्यापासून ६.२५ मीटरवर एक कमान आखायची, तिच्या बाहेरून टाकलेला चेंडू आत गेला तर तीन गुण. आमच्या व्यायामशिक्षकांनी वर्तमानपत्राचे कात्रण हाती धरून, खांबाला दोरी बांधून, चुन्याने ती कमान आखली. पाऊस आला की ती पुसली जाई आणि पुन्हा आखताना कधी सहा मीटर, कधी सात मीटर होई. मी तिच्या बाहेरून चेंडू टाकण्यात तरबेज झालो, पण कोणत्या अंतरावरून ते आजही सांगता येणार नाही. १९८९ साली बंगळूरुच्या एका सार्वजनिक कारखान्याच्या संघाने मला चाचणीसाठी बोलावले. वडील म्हणाले, "चेंडू टाकून का कुणी घर चालवतं?" मी एम.ए. केले, बी.एड. केले, शिक्षक झालो. वडिलांचे चुकले असे मी म्हणणार नाही. तो कारखाना पुढे बंदही पडला. पण ते बोलावण्याचे पत्र मी फार दिवस ज्ञानेश्वरीच्या पोथीत ठेवले होते, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ त्या पत्रात आहे असे मला वाटते.

आपल्या देशात बास्केटबॉल खेळणाऱ्याचा चरितार्थ कसा चालतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हा खेळ अमेरिकेत १८९१ साली जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने, हिवाळ्यात घरात कोंडलेल्या मुलांसाठी, फळांच्या करंड्या सज्जाच्या कठड्याला लावून सुरू केला, आणि वाय.एम.सी.ए.च्या द्वारा तो लवकरच हिंदुस्थानात आला. १९५० साली राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. परंतु खेळाडूला पोसले ते महासंघाने नव्हे, नोकरीने. रेल्वे, सेनादले, पोलीस, तेल महामंडळ, बँका यांनी आपापले संघ बाळगले. उंच मुलगा कारकून म्हणून लागे, सकाळी सराव करी, दुपारी खातेवहीवर बसे, वर्षातून दोन-तीन स्पर्धांत संस्थेचे नाव राखी आणि वयोमानाने खेळ सुटला तरी टेबल सुटत नसे. बंगळूरुच्या विजया बँकेचा संघ आमच्याकडे फार मानला जाई. ती बँकही २०१९ साली बँक ऑफ बडोदात विलीन झाली, पण कारकुनांची नोकरी राहिली. या व्यवस्थेला कुणी व्यावसायिक खेळ म्हणणार नाही. तरीही तिने घरे चालवली.

आणि मग २०१५ साली लीग आली.

तिचे नाव यू.बी.ए., युनायटेड बास्केटबॉल अलायन्स. पुढाकार अमेरिकन, आणि राष्ट्रीय महासंघापासून ती वेगळी. त्या वर्षी महासंघातच दोन तट पडलेले होते, तेव्हा त्याच्याकडून आधाराची अपेक्षाही नव्हती. त्याआधी २०१० साली महासंघाने एका मोठ्या उद्योगसमूहाच्या कंपनीशी तब्बल तीस वर्षांचा करार केला होता आणि व्यावसायिक लीग आता येणार, मग येणार असे आम्ही ऐकत होतो. ती आली नाही, ही आली. क्रिकेटच्या लीगला तोवर सात वर्षे झाली होती, कबड्डीची आदल्याच वर्षी सुरू होऊन घरोघर पोहोचली होती. कबड्डीला दूरदर्शनसंचापुढे बायकामुलांसह माणसे बसतात, तर बास्केटबॉलला का बसू नयेत, असे आम्हा सर्वांनाच वाटले. त्याच वर्षी जून महिन्यात पंजाबातल्या बल्लो के नावाच्या खेड्यातला सतनामसिंग हा सात फूट दोन इंचांचा तरुण अमेरिकेच्या एन.बी.ए.मध्ये निवडला गेला. भारतात जन्मलेला असा पहिलाच. खेड्यातला मुलगा तिथे! आमचा मुलगा तेव्हा कलबुर्गीत बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होता. त्याने मला फोन करून एवढेच विचारले, "गुरुजी, बल्लो के भालकीपेक्षा मोठं आहे का हो?"

लीगमध्ये आठ संघ होते. दिल्ली, हरयाणा, पंजाब, मुंबई यांचा उत्तर विभाग. चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद आणि पुणे यांचा दक्षिण विभाग. पुणे दक्षिणेत आणि मुंबई उत्तरेत ही वाटणी कुणी केली असेल ती असो. पुणेकरांना आपण दक्षिणी आहोत हे पहिल्यांदा कळले असावे. मुंबई चॅलेंजर्स, पुणे पेशवाज, बेंगळुरू बीस्ट, हैदराबाद स्काय अशी एकेक नावे. दिल्लीच्या संघाचे नाव कॅपिटल्स होते. आज ते उच्चारले तर मुले क्रिकेटचा संघ समजतात, कारण क्रिकेटवाल्यांनी ते २०१८ साली घेतले. बास्केटबॉलचे कुणाला आठवतही नाही.

आमच्या शिक्षकदालनात त्या पावसाळ्यात एक वाद रंगला. या चार दक्षिणी संघांत आपला कोणता? बाहेरगावच्या वाचकांना हा वाद पोरकट वाटेल, पण बिदरचा माणूस त्यात गुंतल्याशिवाय राहणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानाच्या, नंतर राज्याच्या मुलखात होतो. त्या दिवशी जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. माझ्या आईचे माहेर उदगीरकडचे, एक आत्या नारायणखेडला. एकाच घरातली माणसे तीन राज्यांत झाली. कामासाठी आम्ही हैदराबादला जातो, कारण ते तीन तासांवर. सरकारी कागदासाठी बंगळूरुला, जिथे पोहोचायला एक रात्र पुरत नाही. आणि लेखक, नाटक, पुस्तके, लग्नाची स्थळे यांसाठी डोळे पुण्याकडे. नेमके हेच तीन संघ लीगने एका विभागात आणून बसवले होते.

गणिताचे शिक्षक म्हणाले, आपण कर्नाटकाचा पगार घेतो, म्हणून बेंगळुरू. कन्नडच्या बाईंनीही त्यांनाच पाठिंबा दिला, पण हसत. मी पुण्याच्या बाजूचा, एम.ए. मराठीच्या माणसाकडून दुसरी अपेक्षा कुणी केलीही नव्हती. शिपाईमामा म्हणाले, ज्या गावी आपली पोरे रोजीला जातात तो आपला, म्हणून हैदराबाद. सुटीत मुलगा गावी आला तेव्हा आम्ही त्यालाच विचारले. तो म्हणाला, "जो घेईल तो."

कुणी बोलले नाही. चहा आला.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. संघांना शहरांची नावे असली तरी ते त्या त्या शहरात आपल्या माणसांपुढे आळीपाळीने खेळत नव्हते. सगळ्या संघांना एखाद्या ठिकाणी गोळा करून सामने उरकले जात. हा खर्चाचा हिशेब असणार. परंतु ज्या गावाचे नाव छातीवर आहे त्या गावच्या पोराने आपल्या संघाला डोळ्यांनी पाहिलेच नाही, तर त्याने कुणासाठी ओरडायचे? कबड्डीचे संघ गावोगाव गेले, आपल्या शहरात आठवडाभर मुक्काम करून खेळले. आम्ही मात्र पुण्याचा संघ पाहिला तो क्रीडावाहिनीवर, तोही माझ्या घरी, कारण वाहिनीचे जादा पैसे भरणारा मीच. मुलगा सुटीत आला की रात्री येऊन बसे आणि एका वहीत लिहून ठेवी: कोणता खेळाडू कुठला, उंची किती, कोणत्या खात्यात नोकरीला. नोकरीचा रकाना मीच त्याला आखायला सांगितला होता. त्या रकान्यात पुष्कळ ठिकाणी काहीच लिहिलेले नसे.

जगाच्या मापाने ही लीग दुय्यमच. अमेरिकेत अशा दुय्यम लीग कितीतरी निघाल्या आणि बुडाल्या, पण तिथे वर चढायला पायरी असते. खालच्या लीगमधला माणूस वरच्या लीगला दिसतो. आपल्याकडे ही एकच पायरी, आणि तिच्या वर पाहिले तर थेट समुद्रापलीकडचे आकाश. तरीही ती अगदीच पोकळ नव्हती. या लीगमध्ये खेळलेल्या पालप्रीतसिंग ब्रारला २०१६ साली एन.बी.ए.च्या खालच्या लीगमधल्या एका संघाने निवडले. ती बातमी मुलाने वहीत चिकटवून ठेवली.

तीन वर्षांत चार हंगाम झाले. शेवटचा २०१७ साली.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस बिदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली, जिची वाट आमच्या आजोबांच्या पिढीपासून पाहिली जात होती. पहिल्याच आठवड्यात मुलगा त्या गाडीने हुमनाबादला उतरून माझ्याकडे आला. बी.ए. झाले होते. पोलीस शिपायाच्या भरतीत धावणे, उंची, छाती सगळे पार पडले होते, लेखी परीक्षा राहिली होती. आमच्या भागाला ३७१ (जे) कलमाने स्थानिकांसाठी राखीव जागा मिळाल्यापासून या भरतीकडे प्रत्येक घर डोळे लावून असते. आणि इकडे त्याच्या मनात दुसरेच होते. वर्षभर हैदराबादला राहायचे, सिकंदराबादच्या वाय.एम.सी.ए.च्या मैदानावर चांगल्या खेळाडूंत सराव करायचा, आणि पाचव्या हंगामासाठी नवे खेळाडू घेतले तर उभे राहायचे. परीक्षेचा अभ्यास आणि हे, दोन्ही जमण्यासारखे नव्हते. "तुम्ही सांगाल तसं," तो म्हणाला.

मी म्हणालो, जा.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. दारातच बसली. म्हणाली, "गुर्जी, त्या खेळात पेन्शन हाय का?" मी तिला समजावले की २००६ नंतर राज्य सरकारच्या नोकरीत लागणाऱ्यालाही जुनी पेन्शन उरलेली नाही, तेव्हा शिपाई झाला तरी ती मिळणार नाही. हे खरे होते. पण तिने विचारले होते ते निराळे. तिला म्हणायचे होते, उद्या त्याचा पाय मोडला तर कोण आहे? मला ते तेव्हाही कळले होते. मी वाद जिंकला आणि ती पदर सावरून निघून गेली. शिक्षकाच्या हाती असलेली विद्या अशी कधीकधी फार वाईट कामाला येते.

पाचवा हंगाम झाला नाही. एखादे मासिक बंद पडते तेव्हा शेवटच्या अंकात संपादक दोन ओळींचे निवेदन छापतात, वर्गणीदारांचे आभार मानतात. आमच्यापर्यंत तरी लीगचे असे निवेदन कधी आले नाही. आज होईल, पुढच्या महिन्यात होईल, असे करता करता २०१८ गेले. मुलगा एका औषधाच्या गोदामात रात्रपाळी करून सकाळी मैदानावर जात राहिला. मग गुडघा दुखावला. २०२०च्या टाळेबंदीत तो एका मालमोटारीतून जहीराबादपर्यंत आणि तिथून पायी बिदरला आला. पोलीस भरतीची वयोमर्यादा तोवर त्याच्या हातून निघून चालली होती, आणि त्या गुडघ्याने धावणेही शक्य नव्हते. २०२२ साली महासंघाच्या पाठिंब्याने दुसरी लीग निघाली, सहा संघांची. तिच्यात बेंगळुरू आणि मुंबई होती, पुणे आणि हैदराबाद नव्हती. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "पाहतोय, गुरुजी. चांगली खेळतायत पोरं."

सध्या तो कलबुर्गीच्या एका खासगी शाळेत करारावर व्यायामशिक्षक आहे. पगार किती ते मी विचारले नाही. शिपायाचा पगार किती असतो ते मला माहीत आहे.

मागच्या वर्षी तुरीच्या हंगामात बाजारात त्याची आई भेटली. मी टाळून पुढे जाणार होतो, तिनेच हाक मारली आणि आडतीच्या ओट्यावर बसवून चहा पाजला. माझ्याच्याने राहवले नाही. मी म्हणालो, "बाई, माझं चुकलं. परीक्षा दे म्हणून सांगायला हवं होतं." ती कपबशी विसळत म्हणाली, "तुमी सांगितलं म्हून गेला. न्हाई तर जलमभर मलाच बोल लावला असता." हे तिच्या मनातले होते की आमच्याकडच्या बायका पाहुण्याला जड मनाने उठू देत नाहीत त्यातले होते, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. १९८९ सालचे ते पत्र माझ्या पोथीत नसते, तर मी त्या दिवशी "जा" म्हणालो असतो का, हेही नाही. मुलाला मी सल्ला दिला, की माझ्या वडिलांना उत्तर दिले?

यंदा उन्हाळ्यात मैदानावरच्या त्या दोन खोल्या धोकादायक ठरून पाडण्यात आल्या आणि कित्येक वर्षांनी दुसरे टोक मोकळे झाले. मी त्याला सहज कळवले. तो शनिवारी दुपारच्या डेमूने आला, सोबत कलबुर्गीच्या भंगारवाल्याकडून घेतलेले एक कडे आणि मोजपट्टी. गावच्या लोहाराने खांबाचे कबूल केले आहे. आम्ही दोघे मोजू लागलो. जुन्या खांबापाशी मी टोक धरून उभा राहिलो आणि तो पट्टी सोडत मागे मागे गेला. २५ मीटरवर त्याची पाठ लिंबाला टेकली. खोल्यांच्या आडोशाने वाढलेले ते झाड कुणाच्या लक्षातच आले नव्हते. आता त्याची सावली साऱ्या त्या बाजूवर पडते आणि मुली मधल्या सुटीत तिथे डबे खातात. मी म्हणालो, नियमाला तीन मीटर कमी पडतात, झाड काढण्याची परवानगी मागावी लागेल.

त्याने वर फांद्यांकडे पाहिले, चेंडू हातात घेतला, कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, आणि एक फांदी चुकवून थोडा खालून हात नेत त्याने जिथे कडे येणार होते त्या रिकाम्या जागी चेंडू टाकून पाहिला.

"राहू द्या, गुरुजी," तो म्हणाला. "खांब जरा अलीकडं रोवू. पोरं वाकून टाकतील."